सुनीतीची सात अंडी

बस विवेक, चहा घे. पायथनची, या लहान जातीच्या अजगरांची, जोडी लावायची म्हणतोस, तर वजन-तापमान सगळं सांगतो. पण आधी आमच्या पहिल्या अंड्यांचं ऐक आणि मग तुझं तू ठरव.

हे वेड सुनीतीचं. माझी बायको इथेच, खमीस मुशैतच्या इस्पितळात, नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती. दिवसभर बाळं सांभाळायची आणि घरी येऊन साप! मी चेष्टा केली की म्हणायची, ‘अहो, हे रडत तरी नाहीत.’ पण काम चोख. परवान्याचे कागद आधी, जनावर नंतर. मादी तीन वर्षांची आणि दीड किलोची भरेपर्यंत नर तिच्याजवळ येऊ दिला नाही. पिल्लं कोणाच्या घरी द्यायची, ती माणसंसुद्धा आधी पारखून ठेवली. वाट बघून बघून मीच कंटाळलो होतो.

शेवटी मादीनं सात अंडी घातली. सुनीतीनं ती अलगद उचलून एका ओलसर डब्यात ठेवली, प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीनं ठिपका काढला आणि डबा उबेच्या पेटीत सरकवला. तिसऱ्या दिवशी तिला रियाधला जावं लागलं. पोटात गाठ निघाली होती. आधी तपासण्या, मग ऑपरेशन. मला रजा ऑपरेशनपुरतीच मिळणार होती. विमानतळावर म्हणाली, ‘पेटीचं तापमान तेवढं बघा. बाकी काही करू नका.’

आता मी गुहागरचा. आमच्या परसात कायम कोंबड्या. खुडूक कोंबडी अंडी चोचीनं फिरवत राहते, नाहीतर पिल्लं होत नाहीत, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. मला वाटलं, एवढी हुशार बाई आणि नेमकं हेच विसरली. मग रोज ड्युटीवरून आलो की हात स्वच्छ धुऊन मी सातही अंडी फिरवायचो. प्रेमानं रे, तिच्यासाठीच. असे बारा दिवस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

‘ठिपके वर आहेत ना हो?’

‘का गं?’

‘सापाचं अंडं फिरवायचं नसतं. पिल्लू वरच्या बाजूला धरलेलं असतं. फिरवलं की आतल्या आत बुडून मरतं.’

मी पेटीकडे बघितलं.

‘आहेत ना?’

‘आहेत,’ मी म्हणालो.

तेच आमचं शेवटचं बोलणं. मी रियाधला पोचलो तेव्हा तिला आत नेलं होतं. ती शुद्धीवर आलीच नाही. बायकोशी शेवटचा शब्द मी खोटा बोललो, विवेक.

रियाधहूनच तिला घेऊन मी गावी गेलो. निघताना शेजारच्या सुफियानला फोन केला. राजापूरचा आहे तो, चावी त्याच्याकडे असते. ‘गावी जातोय, पेटी बघ,’ एवढंच सांगितलं. ती गेली, हे तोंडातून निघेना.

चाळीस दिवसांनी परतलो. दुपारच होती, पण धुकं इतकं उतरलं होतं की समोरची मशीद दिसेना. ट्यूब लावली तरी खोली अंधारीच. अंडी टाकून द्यायची आणि पडायचं, एवढंच डोक्यात होतं.

पेटी उघडली. कुजका वास भसकन अंगावर आला. सहा अंडी पिवळी पडून खचली होती. सातवं मात्र... पांढरंशुभ्र, फुगीर. मागून टॉर्च धरला. आत लाल शिरा होत्या आणि काहीतरी हळूच वळलं.

मग त्या कुजक्या वासातून दुसरा वास यायला लागला. वॉर्डातून आल्यावर सुनीतीच्या हातांना यायचा तो, स्पिरिटचा. शेजारच्या काचेच्या टाकीत मादीनं मान उचलली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यामागे बघत होती. मला मागे वळायचं धैर्य झालं नाही.

तसाच बाहेर पडून सुफियानचं दार वाजवलं.

‘तू अंड्यांना हात लावलास?’

‘नाय भाऊ. वहिनींनी सांगितल्याशिवाय कशाला लावू?’

‘कोणी...?’

‘वहिनींनी. रोज संध्याकाळी, मगरीबच्या नमाजाच्या सुमारास फोन यायचा त्यांचा. म्हणायच्या, सहा गेली, एकाला जप.’

सुनीतीचा फोन रियाधपासून बंद होता. माझ्याच बॅगेत.

‘अजून... काय म्हणायची?’

सुफियान चुळबुळला. ‘रागावू नका भाऊ. म्हणाल्या, ते माझ्याशी खोटं बोलले ते आवाजावरनंच कळलं मला. पण त्यांना सांगू नको, जिवाला लावून घेतील.’

मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती. सुफियान माझ्या मागे, आमच्या उघड्या दाराकडे बघत होता.

‘आणि काल म्हणाल्या, आता फोन नाय करायची. उद्या ते येतायत, मी पण घरीच असेन...’ तो हसला. ‘पोचल्या ना वहिनी?’