पान्हाकाकांचा आयडी

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण घडलंय ते माझ्याच घरात.

मंगळवार होता. दुपारचे तीन. ऑफिसात लख्ख उजेड, वर पंख्याची घरघर. भुताटकीला शोभेल असं काही म्हणजे काही नव्हतं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी सॉफ्टवेअर सांभाळायचे. कारागीर लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला की लिफ्ट त्या सॉफ्टवेअरवरूनच बंद ठेवायची. कुणी, किती वाजता, काय केलं, ते ऑडिट लॉगमध्ये आपोआप उतरतं. त्यातली ओळ कुणालाच पुसता येत नाही. मलाही नाही.

आमचे जुने कारागीर, सदा हातात पान्हा म्हणून सगळ्यांचे पान्हाकाका, लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांचा आयडी मात्र चालूच होता. पासवर्ड सगळ्यांना पाठ. स्वतःचा विसरला की कारागीर त्यांच्या नावावर काम उरकायचे. तो बंद करणं माझं काम. आज करू, उद्या करू... राहून गेलं.

सोमवारी एकदाचा बंद केला.

मंगळवारी लॉगमध्ये ओळ आली...

पान्हाकाका. तीन वाजून दोन मिनिटं. एका कारागिराची नोंद उघडली.

कुणाची? माझ्या धाकट्या भावाची!

त्याला या कंपनीत मीच चिकटवलं होतं. आई नको नको म्हणत होती. त्या क्षणी तो एका अकरा मजली इमारतीत, लिफ्टच्या खाली होता.

"कोण चावटपणा करतंय?" मी ओरडले.

सगळे चहाचे कप धरून माझ्याकडे बघत राहिले. एकाचाही हात कीबोर्डवर नव्हता.

तीन वाजून चार मिनिटं. पुन्हा तीच नोंद...

मी आयडी परत बंद करायला गेले. स्क्रीनवर आलं, 'आधीच बंद आहे.'

भावाला फोन लावला. खड्ड्यात रेंज कुठली!

साहेबांच्या केबिनमध्ये धावले. "साहेब, त्या इमारतीत कुणाला तरी पाठवा! माझ्या भावाला बाहेर काढा!"

"अगं, बस तरी. पाणी पी आधी."

त्यांच्या स्क्रीनवरही लॉग उघडा होता. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत ओळ उतरली...

पान्हाकाका. लिफ्ट चालू केली.

'परवानगी कुणाची' या रकान्यात माझं नाव होतं.

माझे दोन्ही हात साहेबांच्या टेबलावर होते.

भाऊ वाचला. उजवा पाय गेला.

चौकशीत साहेब म्हणाले, "तू माझ्यासमोर उभी होतीस, मी नाही कुठे म्हणतोय? पण लॉग बघ ना." लॅपटॉप जमा करून मला घरी बसवलं.

भावानं घरी आल्यावर विचारलं, "ताई, चुकून दाबलं गेलं का? खरं सांग, मी रागावणार नाही."

"नाही रे. शप्पथ."

"मग तुझं नाव कसं?"

मी त्याची उशी सारखी करायला गेले. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. काही लागलं तर आईला हाक मारतो.

आज दुपारी साहेबांचा फोन आला.

"तुझा आयडी मी स्वतः बंद केलाय. तरी भावाची नोंद कशाला उघडतेस?"

"साहेब, मी भाजी चिरतेय हो..."

"आत्ता चार मिनिटांत दोनदा उघडलीस."

सुरी तिथेच टाकून मी त्याच्या खोलीकडे पळाले. दाराला आतून कडी.

"उघड रे! राजा, उघड!"

आतून तो आईला म्हणाला, "आई, तिला जायला सांग."

आईनं दार उघडलं नाही.

मी दाराबाहेर बसूनच हे फोनवर लिहितेय. आत दोघं हळू आवाजात बोलतायत. अजून तरी दोघांचे आवाज येतायत.