बस भरायची होती

पहिल्या भेटीत तिच्या हातात चप्पल होती. सुटलेल्या बसमागे धावताना चपलेचा अंगठा तुटला, आणि एक चप्पल पायात, एक हातात अशा थाटात ती दारापाशी पोहोचली. कंडक्टरनं दोरी ओढून घंटी वाजवली, बस थांबवली आणि चपलेकडे बघत विचारलं, "चढायचंय... की मारायचंय?"

"आधी चढते. मग बघते."

तेव्हापासून ती वळणावर दिसेपर्यंत बस हलत नसे. ड्रायव्हर कुरकुरायचा, कंडक्टर उगाच सुटे पैसे मोजत बसायचा. ती बाजारगावात शिवणाच्या दुकानात कामाला होती. गावाला ही एकच बस. सकाळी जायची, संध्याकाळी यायची.

पण गावात आता माणसांपेक्षा कुलुपंच जास्त झाली होती. तरणी मंडळी शहरात गेली, ती गेलीच. एका संध्याकाळी तिकीट देता देता तो हळूच म्हणाला, "सोमवारी डेपोचे साहेब बसमधून येणार आहेत. माणसं दिसली नाहीत तर ही फेरी बंद. मला पार दुसऱ्या टोकाला टाकतील."

"आणि माझं काम?"

खरं तर तिला विचारायचं होतं – आणि मी? पण ते ओठांवरच राहिलं. त्यानंतर तिला घास गोड लागेना. रविवारी तिनं सगळं गाव पालथं घातलं. सुरुवात आत्यापासून, कारण ती आत्याकडेच राहायची.

"उद्या बसनं चल, आत्या."

"अगं, पण कुठं?"

"कुठंही... चल तर खरी!"

सोमवारी थांब्यावर ही गर्दी! सगळ्यांना आत ढकलून ती शेवटी पायरीवर चढली आणि बघते तर एकही जागा शिल्लक नाही. पुढच्या बाकावरून साहेब म्हणाले, "चढण आहे. उभा प्रवासी चालणार नाही."

ती पायरीवरच मागे वळली. "राहू दे... मी उतरते. वाजवा घंटी."

कंडक्टरचा हात दोरीवर होता, पण तो ओढेना. तेवढ्यात आत्या ताडकन उठली. "अगं, तू ये! मला कुठं जायचंय? मी आपली बस भरायला आले होते!"

आणि आत्यानं जीभ चावली.

साहेबांनी चष्मा काढला. "भरायला? आणखी कोण कोण भरायला आलंय?"

सगळे खिडकीबाहेर बघू लागले. तिला वाटलं, गेली फेरी... आणि तोही गेला.

"मी बोलावलं सगळ्यांना," ती म्हणाली. "कंडक्टरना काही माहीत नव्हतं."

"ह्यांना रागावू नका, साहेब," कंडक्टर मध्येच म्हणाला.

"तुम्हाला कसली काळजी? दुसरा मार्ग मिळेल की."

"मार्ग मिळेल, साहेब. ह्या... ह्या नाही मिळणार."

तिचे कान तापले. मग मागून म्हातारे मास्तर म्हणाले, "साहेब, भरायलाच आलो होतो, खोटं कशाला बोलू? पण डोळे दाखवायचे कधीचे राहिलेत. आज दाखवूनच येतो." लगेच शेजारच्या काकूंना लेकीची आठवण झाली, तर कुणाला दाढदुखीची.

साहेबांना हसू आवरेना. "महिनाभर बघतो. पण माणसं आपल्या कामानं चढायला हवीत."

महिनाभर म्हणजे पुन्हा जीव टांगणीला. आत्या उतरली, ती आत्याच्या जागी बसली. तो तिकीट घेऊन आला.

"आणि बंदच झाली तर?" तिनं विचारलं.

"पायी येईन."

"एवढं लांब? चप्पल तुटेल."

"तुटू दे. हातात घेऊन येईन. फक्त आत्यांना आधी सांगून ठेवा... मारायला नाही, मागणी घालायला आलोय म्हणून."

तिनं खिडकीकडे बोट केलं. आत्या अजून खालीच उभी होती.

"मग आत्ताच सांगा की."

ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं आणि स्वतःच इंजिन बंद केलं.