परकोटावर कोण हसलं?

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांची मनधरणी करत बसायला मला वेळ नाही.

साल १९८४. गाव चांदा, म्हणजे आपलं चंद्रपूर. ऑक्टोबरातला दीक्षाभूमीचा कार्यक्रम आटोपला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ.

घडलं ते आमच्या सत्यशीलामामीच्या बाबतीत.

मामी शाळेत शिकवायची. जिभेची तिखट. कार्यक्रमाला तिची धाकटी बहीण कमला नवऱ्याबरोबर नागपूरहून आली होती. नवऱ्याचं नाव गुणवंतराव. जे काय गुण होते ते नावातच. कचेरीत साधा कारकून, पण ऐट अशी, की कलेक्टर याला विचारून जेवायला बसतो. घरचे सगळे त्याच्या पुढेपुढे करायचे. मामीला मात्र तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा.

पाहुण्याला गाव दाखवायचं म्हणून तिघं गावाभोवतीच्या परकोटाकडे निघाली. पठाणपुऱ्याकडून जुन्या तटाच्या कडेनं चालत गेलं की पायऱ्या लागतात. वर बुरूज. तिथून सगळं गाव दिसतं.

निघताना कमलानं मामीला मोरीपाशी गाठलं.

"बाई, आज त्यायले काई बोलू नको. हसूबी नको. मागं तू हसली त वरीसभर मले माहेरी पाठवलं नाई त्यायनं. आता हसली त कायमचंच तुटन."

मामीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

वाटभर गुणवंतराव नाकाला रुमाल लावून चालत होता. "असल्या घाणीत राहता तुम्ही लोक?"

मामीनं पावलं झपझप उचलली.

वर पोचली तेव्हा चांगला उजेड होता. खाली कौलारू घरं, पलीकडे इरईचं पात्र, लांबवर नव्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर. तटात उगवलेल्या पिंपळावर पोपटांचा नुसता कलकलाट. बुरुजावर या तिघांशिवाय कोणी नव्हतं.

गुणवंतरावानं कमरेवर हात ठेवले. "याला किल्ला म्हणता? आमच्या सीताबर्डीच्या किल्ल्यासमोर हा उकिरडा आहे."

आणि...

"हुं..."

नाकातून आलेला, बारीक. फुशारकी मारणाऱ्यासमोर माणूस नकळत करतो तसा.

मामी दचकली. नेमकं हेच तिच्या मनात आलं होतं. पण तिनं ते दाबलं होतं. नक्की दाबलं होतं.

कमलानं डोळे वटारले. मामीनं मान हलवली, मी नाही.

गुणवंतराव इकडेतिकडे बघून पुन्हा सुरू झाला. असल्यांना थांबणं ठाऊक नसतं. "माझ्या सहीशिवाय साहेब एक कागद हलवत नाही."

"हुं..."

या वेळी जवळून.

"कोण आहे रे?" तो ओरडला. तटाच्या कडेला जाऊन वाकून पाहिलं. पायऱ्यांवरून खाली डोकावला. कोणी नव्हतं. निवडुंग आणि दगड.

आपलं तोंड आपल्याला दगा देतंय की काय? तिनं सोबत आणलेल्या फिरकीच्या तांब्याचं झाकण काढलं, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि तो गिळलाच नाही. गाल फुगवून तशीच उभी राहिली. आता बघू.

गुणवंतराव चिडला होता. चिडला की तो बायकोवर यायचा, एवढीच त्याची मर्दुमकी. "हिला मी पदरात घेतली म्हणून. नाहीतर ही काळी घोरपड कोणी केली असती?"

कमलानं मान खाली घातली नाही. ती मामीकडे बघत होती.

मामीच्या डोक्यात तिडीक गेली.

पोपट गप्प झाले... एकदम, सगळेच.

खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटीही ऐकू येईना...

आणि मग ते हसू आलं. हुं नव्हे. मोकळं, तुच्छतेनं भरलेलं, लांबत जाणारं. बाईचं.

गुणवंतराव गर्रकन वळला. मामीकडे पाहिलं. मामीच्या तोंडात पाणी तसंच होतं. एक थेंब सांडला नव्हता.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो दोन पावलं मागे सरकला.

"चला," एवढंच म्हणाला.

त्याच रात्रीच्या एसटीनं तो कमलाला घेऊन गेला. त्यानंतर तिला माहेरी कधी पाठवलं नाही. आई आजारी पडली तेव्हाही नाही. मामीनं हजार शिव्या घातल्या. एवढासा अपमान, आणि केवढी ती मिजास!

तो मेला तेव्हा मामी नागपूरला गेली. रडणं आटोपल्यावर कमलाजवळ बसली.

"मी हसली नव्हती गं. माह्या तोंडात पाणी होतं."

"मले मालूम आहे," कमला म्हणाली. "मी तुह्याचकडे पाहून राह्यली होती."

"मंग सांगितलं काऊन नाई त्यायले?"

"त्यायनंबी पाह्यलं होतं, बाई. ते रागानं थोडीच अडवत होते? त्यायले भेव वाटे तुह्यं."

मामीला काही कळेना.

कमला तिच्यापासून जरा सरकून बसली. मग हळूच म्हणाली...

"तुह्यं तोंड बंद होतं. पण आवाज तुह्याच आतून येत होता."

मामीनं हे मला मागच्या उन्हाळ्यात सांगितलं. आता कोणी बढाया मारू लागला की ती उठून बाहेर जाते. लोकांना वाटतं, म्हातारी माजोरडी आहे.

मी मात्र तिच्याजवळ बसलो की हल्ली जपून बोलतो.