घरटं सुखरूप

उर्मिलाबाईंनी पिल्लांच्या पाण्याच्या बशीत धुतलेले खडे टाकले. पहिल्याच दिवशी एक पिल्लू त्या बशीत बुडता बुडता वाचलं होतं, तेव्हापासूनचं हे शहाणपण. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी कोंबड्या पाळल्या नव्हत्या. पण त्यांची लेक केतकी दिवस भरण्याआधीच बाळंत झाली, बाळाला तालुक्याच्या दवाखान्यात काचेच्या पाळण्यात ठेवलं, आणि घरात नुसतं बसून काळजी करणं त्यांना जमेना. लेक घरी येईल तेव्हा दारची अंडी हवीत, असं म्हणून त्यांनी नुकती निघालेली पिल्लं आणली. पिल्लं अंड्यावर यायला पाच महिने लागतात, हे त्यांना पिल्लं घरात आल्यावर कळलं.

पिल्लांना आई नव्हती, ऊबमाय होती. जावई प्रणवराव ज्या कंपनीत इंजिनिअर होते, तिथं तयार झालेली ही यंत्रकोंबडी. मऊ कापडी पंख, पोटात बॅटरी, अंगाला ऊब आणि खऱ्या खुडूक कोंबडीसारखा घोगरा आवाज. पिल्लं सांभाळणाऱ्या हजारो कोंबड्यांचं वागणं न्याहाळून ती आईपण शिकली होती. या शिकलेपणाला कंपनीत मातृबुद्धी म्हणत. खुद्द जावयाने आणून दिलेली वस्तू, म्हणून उर्मिलाबाई शेजारणींना तिला हातही लावू देत नसत.

आणि तीच ऊबमाय कालपासून एका पिल्लाला बाहेर ढकलत होती.

काल अवकाळी वादळात विजेचे खांब आडवे झाले, तेव्हा हे सुरू झालं. पंखाची कड हळूच खाली येई, सगळ्यांत बारकं पिल्लू बाहेर सरकवलं जाई आणि पंख मिटे. उर्मिलाबाई त्याला उचलून आत घालत. ते पुन्हा बाहेर. टोचणं नाही, राग नाही. भातातला खडा काढावा, तसं. शेवटी सकाळपासून त्यांनी त्याला पदरात गुंडाळून धरलं होतं.

यंत्र बिघडलंय, हे त्यांच्या कालच मनात आलं होतं. पण जावयाच्या भेटीत खोट कशी काढायची? सासू जावयासाठी दोनदा भाजी गरम करेल, पण ‘तुमची वस्तू नासकी निघाली’ एवढं काही तिच्या तोंडून निघायचं नाही. उर्मिलाबाईही गप्प बसल्या.

दुपारी प्रणव दवाखान्यातल्या केतकीचा डबा न्यायला आला.

“आई, पदरात काय धरलंय?”

“काही नाही हो. जरासं गारठलंय.”

“मग ऊबमाय आहे की!”

“आहे ना. फार छान आहे. बाकीची बघा, कशी झोपलीत.”

प्रणवने पिल्लू हातात घेतलं आणि पंखाखाली ठेवलं. पंख हलला, पिल्लू बाहेर आलं. चोरी पकडली गेल्यासारखी उर्मिलाबाईंनी मान खाली घातली. प्रणवचा चेहरा मात्र उजळला.

“हे आम्ही शिकवलं नव्हतं! तिचं तिनं उचललं.” त्याने बॅटरी पाहिली. ती तळाला गेली होती. “बिघाड नाही हा, आई. ऊब कमी पडली की खरी कोंबडीही असंच करते. सगळ्यांना थोडी थोडी वाटली तर सगळीच जातील. मग जे तसंही जगणं अवघड, ते ती सोडून देते. एकापायी घरटं घालवत नाही.”

उर्मिलाबाईंनी चहा पुढे केला. एक प्रश्न त्यांच्या ओठांवर येऊन माघारी फिरत होता. जावयाला उलट विचारायची सवय नव्हती. पण पुन्हा पदरात घेतलेलं पिल्लू थरथरत होतं, आणि त्यांना राहवलं नाही.

“प्रणवराव, बाळाच्या पाळण्यातसुद्धा तुमच्या कंपनीची हीच मातृबुद्धी आहे ना?”

“हो, पण तिथं...” प्रणव अडखळला. “तिथं पाचही पाळण्यांना मिळून ती एकच आहे. म्हणजे वीज गेली तर ऊब कशी वाटायची, ते ती...”

“तिथं वीज आहे?”

वादळ तालुकाभर झालं होतं. प्रणवने कप खाली ठेवला आणि स्पीकरवर दवाखान्यात फोन लावला.

“सगळं ठीक आहे, सर,” पाळण्यांपाशी असलेली सिस्टर म्हणाली. “बॅटरीवर चाललंय. दिवा हिरवा आहे.”

“कुठल्या पाळण्याचा?”

“सगळ्यांना मिळून एकच दिवा आहे ना, सर. ‘घरटं सुखरूप’ असं दिसतंय.”

“आमच्या बाळाला हात लावून बघा.”

“काच उघडायची नाही, असं तुमच्याच कंपनीनं सांगितलंय.”

उर्मिलाबाईंनी जन्मात पहिल्यांदा जावयाच्या हातातून काही हिसकावून घेतलं. “पोरी, मी बाळाची आजी बोलतेय. उघड ती काच. तळपायाला हात लाव.”

पलीकडे काच सरकल्याचा आवाज आला. मग सिस्टरचा आवाज फुटला. “आजी, पाय बर्फ झालेत हो.”

“केतकीकडे ने! उघड्या छातीशी धर म्हणावं, वरून शाल टाक. पळ!”

फोनमध्ये नुसती पावलं वाजत राहिली. “कालपासून पिल्लाला ढकलत होती ती,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.” आपण तोंड उघडलं का नाही काल, असं त्यांना झालं. प्रणव भिंतीला टेकून उभा होता.

मग एक बारीक, चिरका आवाज आला. पाठोपाठ केतकीचा. “आई, रडतोय गं. रडतोय!”

प्रणवने डोळे पुसले आणि गाडीची किल्ली शोधू लागला. “जाऊन मातृबुद्धी बंद करतो.”

“बंद केल्यावर काय होईल?”

“ऊब सगळ्यांना सारखी जाईल. ती पुरेल का...”

एवढ्यात सिस्टर पुन्हा फोनवर आली. तिला धाप लागली होती. “सर, दिवा अजून हिरवाच आहे. पण मी आता सगळ्या काचा उघडून बघितल्या. कोपऱ्यातलं बाळ गार पडायला लागलंय. त्याच्या आईला सकाळीच मोठ्या दवाखान्यात हलवलंय. आजी, याला कुणाच्या छातीशी देऊ?”