तीन पदरी गाठ

या, सरकून बसा. ए चष्मीश, घाबरलास तर उशीला मिठी मार, मला नको. माझी हाडं मोजकीच उरलीत.

माझ्या ओळखीतले एक मास्तर होते, झाडपाल्याचे. डोंगरातल्या रानात कुणी न पाहिलेलं रोप हुडकायचं, फळ्यांत दाबून वाळवायचं, कागदावर चिकटवायचं आणि जगाला सांगायचं, हे नवीन. बायकोचा वाढदिवस विसरतील, पानाची शीर नाही. त्या कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते: रोप कुठं सापडलं, कधी, कुणी तोडलं. त्या ‘कुणी’ला कायमचा मान.

एक जांभळ्या फुलाचं रोप त्यांच्या वाटाड्यानं कड्यावर चढून तोडलं. रोप दोरीनं खाली सोडलं आणि स्वतः पाय घसरून दरीत गेला. फळ्या बांधायचं काम त्याचंच. सुतळीची तीन पदरी गाठ, डाव्या हाताची. मास्तरांच्यानं ती कधी सुटली नाही. चिठ्ठीवर मास्तरांनी लिहिलं, ‘स्वतः’. मेलेल्याला मान घेऊन काय करायचंय?

नोव्हेंबरची सत्तावीस, बुधवार. सकाळी त्या रोपावरचा लेख पाठवायचा होता आणि एका पाकळीचं माप राहिलं होतं. रात्री पावणेबाराला मास्तर एकटेच नमुन्यांच्या खोलीत गेले. तिथली लोखंडी कपाटं रुळांवर सरकतात. टोकाचं चाक फिरवलं की दोन कपाटांमधली वाट उघडते, उलटं फिरवलं की मिटते. मास्तर वाट उघडून पार भिंतीपर्यंत आत गेले. त्या रोपाचा कागद काढला, पट्टी लावली.

तेवढ्यात कपाट हललं. वीतभर.

पहारेकरी असेल, म्हणून मास्तर म्हणाले, “अहो, आत माणूस आहे.”

पुन्हा वीतभर.

खांदे टेकले. मास्तर कपाटाकडे तोंड करून वळले, तर छाती टेकली. मान वळवून पाहिलं... चाकाजवळ कुणी नाही. चाक मात्र फिरत होतं. सावकाश. फळ्या आवळाव्यात तसं.

श्वास अर्धाच. नाकाशी तो कागद. वर्षभर वाळलेला... आणि वास ओल्या मातीचा.

“काय हवंय तुला?”

मास्तरांना कळलं. ठाऊकच होतं म्हणा. कसाबसा हात वर नेला. खिशातलं पेन काढलं. ‘स्वतः’ खोडलं. वाटाड्याचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

चाक थांबलं.

मग... उलटं फिरलं.

मास्तर धडपडत बाहेर आले. चाकाची मूठ चौकटीला सुतळीनं बांधलेली होती. सुतळी ओली. गाठ तीन पदरी, डाव्या हाताची.

लेख गेला, खऱ्या नावानं. सुतळी अजून तिथंच आहे. त्या दोन कपाटांमधली वाट आता मिटत नाही, आणि गाठ कुणाला सुटत नाही.