गाडीत माणसं, एक

जंगलात आपली गाडी आपणच चालवत सहा दिवस हिंडायचं, असं ठरल्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण बंद झालं होतं. टेबलभर नकाशा पसरलेला असे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत जेवत असू. नकाशावर पेट्रोल पंप दोनच होते, मध्ये एकशे ऐंशी किलोमीटर कच्चा रस्ता होता, आणि भांडायला तेवढं अंतर आम्हाला पुरेसं होतं.

"पाण्याचे कॅन मागच्या सीटवर," बायको म्हणायची.

"मागच्या सीटवर जादाची स्टेपनी."

"अहो, स्टेपनीला खिडकी कशाला हवी? झोपेल ती डिकीत."

मी पस्तीस वर्षं विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासले. झाड अचानक आडवं आलं, असं लेखी देणारी माणसं पाहिली. त्यामुळे माझा कशावर चटकन विश्वास बसत नाही. बायकोचा पक्ष्यांवर आहे. तिच्या वहीत चारशे अकरा पक्ष्यांपुढे खुणा होत्या. चारशे बारावा राहिला होता. करडा, मुठीएवढा, झुडपाबाहेर न येणारा. आम्ही त्याला नुसतं शिट्टीवाला म्हणायचो. तो दिसत नाही, ऐकू येतो. तीन सूर. तिसरा वर चढतो आणि मध्येच तुटतो.

कानाच्या डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं, "उंच सूर चाललेत तुमचे. वर्षभरात पक्षी ऐकू येणं बंद होईल. माणसं येत राहतील."

"म्हणजे नको ते राहणार," बायको माझ्याकडे बघून म्हणाली होती. घरी येऊन मात्र तिने वही उघडली आणि बराच वेळ त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून बसली. यंदा नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

जंगलात गाडीतून उतरायला बंदी असते. काच खाली करून कान लावायचा, एवढंच. म्हणून निघण्याआधी आवाज पाठ करावे लागतात. आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपमध्ये, आम्ही यायच्या आधी, एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी नऊ वर्षांपूर्वी त्याच जंगलात हा पक्षी रेकॉर्ड केला होता. त्यांच्या पत्नीने ते रेकॉर्डिंग आम्हाला दिलं. डॉक्टर शिस्तीचे. नंतर कुणी खोकल्याला पक्षी समजू नये, म्हणून प्रत्येक वेळी सुरुवातीलाच सगळं बोलून ठेवायचे.

"वेळ दुपारचे चार. वारा नाही. गाडीत माणसं, एक."

मग वीस मिनिटं जंगल. अकराव्या मिनिटाला शिट्टी.

पहिल्या दिवशी शिट्टीनंतर मला एका बाईचा खाकरा ऐकू आला. डॉक्टर स्वतःला मोजायचे विसरले असतील, असा मी विनोद केला.

"कसला खाकरा?" बायको म्हणाली. "मला तर फक्त पक्षी ऐकू येतोय."

तिसऱ्या दिवशी त्याच जागी कुजबुज होती. "ऐकलंत?"

पाचव्या दिवशी ती बाजारात गेली असताना मी एकट्याने हेडफोन लावले. शिट्टी झाली. मग खाकरा. मग, "ऐकलंत?" मग स्वच्छ, आनंदाने फाटलेला आवाज, "तोच! अहो, तोच तो! दोन मिनिटं. आलेच." दार उघडल्याचा आवाज झाला. मिटल्याचा झाला नाही.

थोड्या वेळाने एका पुरुषाने हाक मारली, "सरकार."

पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आवाज वर चढला आणि मध्येच तुटला.

बायकोला सरकार म्हणणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो हेडफोन लावून बसला होता.

मी डॉक्टरांच्या पत्नीला फोन लावला. "वहिनी, त्या दिवशी डॉक्टरांबरोबर गाडीत कोण होतं?"

"कोणी नव्हतं, भाऊजी. ते रेकॉर्डिंगचं यंत्र गाडीतच सापडलं. चालू होतं. काचा खाली, दार उघडं. तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

"आणि डॉक्टर?"

"शोधतायत," वहिनी म्हणाल्या.

नऊ वर्षांनंतर त्या असं म्हणाल्या. शोधतायत.

मी संध्याकाळच्या आत बुकिंग रद्द केलं.

"का?" बायकोने विचारलं.

खरं सांगण्यासारखं नव्हतं. मी टायर जुने झाल्याचं सांगितलं.

"जन्मभर लोकांचे दावे नाकारलेत," ती म्हणाली, "शेवटी माझाही नाकारलात."

तीन दिवस ती बोलली नाही. नकाशाची घडी झाली. टेबलावर पुन्हा ताटं आली. मला वाईट वाटत होतं आणि हायसंही वाटत होतं. ती रुसून का होईना, समोर होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात बसून, गाडीच्या खिडकीवर दुर्बीण टेकवायला शिवलेल्या पिशवीतले तांदूळ परत डब्यात ओतत होती. मी पेपर वाचत होतो. मागचं दार बंद होतं. त्यापलीकडे अंगण, एक झुडूप आणि सात फुटांची भिंत.

तिचा हात थांबला.

मीही ऐकलं. तीन सूर.

तिने घसा खाकरला.

"ऐकलंत?"

पुढचं वाक्य मला पाठ होतं. मला ओरडायचं होतं, जाऊ नकोस. पण रेकॉर्डिंगमध्ये या जागी मी काहीच बोललो नव्हतो. आत्ताही बोललो नाही. तोंड उघडं होतं, एवढं आठवतं.

"तोच! अहो, तोच तो! दोन मिनिटं. आलेच."

कडी वाजली. दार उघडलं.

गाडीचं दार असं वाजत नाही. पस्तीस वर्षं मी गाड्यांची दारं तपासली, आणि आपल्याच घराची कडी मला ओळखता आली नाही.

अंगणात तिच्या चपला होत्या, भिंतीला टेकवलेल्या. झुडूप हलत नव्हतं.

"सरकार," मी म्हणालो.

पुन्हा म्हणालो.

तिसऱ्यांदा.

पोलीस इन्स्पेक्टर भला माणूस होता. "पत्नी मागच्या दाराने अंगणात गेल्या. अंगण बारा बाय अठरा फूट. बाहेर जायला दुसरी वाट नाही. बरोबर?"

"बरोबर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. झाड आडवं आलं म्हणणाऱ्यांकडे मी तसाच बघायचो.

तो गेल्यावर मी वही काढली आणि चारशे बाराव्यापुढे खूण केली. मग तिचा आवाज ऐकावा म्हणून रेकॉर्डिंग लावलं. वीस मिनिटं पूर्ण ऐकलं. खाकरा नाही, कुजबुज नाही, दार नाही, माझ्या हाकाही नाहीत. नुसतं जंगल आणि अकराव्या मिनिटाला पक्षी.

पुन्हा लावलं. आता सुरुवात नीट ऐकली. डॉक्टरांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

"वेळ दुपारचे चार. वारा नाही. गाडीत माणसं, दोन."