तेवीस कांड्या

राजलक्ष्मी मॅडमनी पिशवी टेबलावर ठेवली आणि हात पदराला पुसले.

"उघडा ना," मंदाकिनी म्हणाली.

"मी नाही. तुम्हीच उघडा, ताई."

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर मंदाकिनी निंबाळकरांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. सोबतीला धाकटे दीर रमाकांत, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. वहिनींची गाडी चालवणं आणि वेळोवेळी घाबरणं, ही दोन्ही कामं ते मनापासून करत.

पिशवीतून उसाच्या कांड्यांची लहानशी मोळी निघाली. उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं, म्हणजे वाढ्यानं, करकचून बांधलेली. आत खोचलेल्या कागदावर कोळशानं एकच शब्द लिहिला होता.

शिक्षा.

"मोजा," मॅडम म्हणाल्या. "तेवीस भरतील. माझ्या शाळेत तेवीसच मुलं आहेत."

रमाकांतांनी खुर्ची टेबलापासून मागं ओढली.

मॅडम सणसरला ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा चालवत. शाळा एका गोदामात होती आणि गोदामामागच्या खोलीत त्या एकट्या राहत. मंगळवारी सकाळी दारात पहिली मोळी आली, बुधवारी दुसरी. आज गुरुवारी तिसरी आली, आणि या वेळी दाराच्या फळीत कोयता रुतवलेला होता.

"कोयता ऊसतोड टोळीतल्या कानडी बिराप्पाचा निघाला. मुठीला लाल चिंधी आहे, सगळी टोळी ओळखते. गावानं त्याला ग्रामपंचायतीत बसवून ठेवलंय. पाच वाजता पोलिसांच्या ताब्यात देणार आणि त्याच्या मुलखातल्यांच्या सगळ्या झोपड्या उठवणार. पण ताई, त्याची मुलगी माझ्या पहिल्या बाकावर बसते. मला ते पटत नाही. आणि पटत नाही म्हणून भीती जातही नाही."

"आधीच्या दोन मोळ्या कुठं आहेत?"

"टाकल्या. गाठ काही केल्या सुटेना, शेवटी कात्रीनं कापल्या."

मंदाकिनीनं मोळी उचलून रमाकांतांच्या नाकाशी धरली. त्यांना सटासट दोन शिंका आल्या.

"कसला तरी औषधाचा वास आहे," ते नाक चोळत म्हणाले. "आणि वहिनी, प्रत्येक कांडीला कोंब फुटायचे दोन-दोन डोळे. बघतायत हो आपल्याकडे."

"मोजलेत का सगळ्यांचे?"

"सगळ्यांना दोनच."

"छान," मंदाकिनी म्हणाली. यात छान काय, हे रमाकांतांना कळलं नाही. त्यांनी गाडीची किल्ली घेतली.

सणसरला पोचेपर्यंत अकरा वाजले. रविवारच्या अवकाळी पावसानं रानात चिखल झाला होता, गाड्या उसाच्या फडात जात नव्हत्या, म्हणून सोमवारपासून तोड बंद होती. झोपड्यांपुढं माणसं नुसती बसून होती. गाडी थांबली तशी बायांनी आपापली मुलं आत ओढली. इथं भ्यायलेले आपण एकटेच नाही, एवढाच रमाकांतांना दिलासा.

गोदामाच्या भिंतीवर भला मोठा तक्ता होता. एक शब्द आणि पुढं त्याचे नाना भाषांतले अर्थ. टोळ्यांतून आणि आसपासच्या कामगारांकडून मॅडमनी हौसेनं जमवलेले. ज्यानं अर्थ सांगितला त्याचं नाव कंसात. 'शिक्षा'ची ओळ सर्वांत लांब होती. मराठीत दंड. कानडीत दंड (बिराप्पा). हिंदीत शिक्षण (गुऱ्हाळावरचा हरिलाल). बंगालीत शिक्षण (गवंडी सुबल). गुजरातीत दोन्ही. तेलुगूत पुन्हा दंड. संस्कृतात उच्चारांचं शास्त्र.

रमाकांतांचे डोळे चमकले. "सरळ आहे, वहिनी! हिंदीवाला आणि बंगालीवाला सुटले. त्यांच्या लेखी हा शब्द म्हणजे पाटी-पुस्तक. धमकीला वापरणार तो कानडी माणूस. बिराप्पाच!"

"किंवा मराठी माणूस. म्हणजे तुम्ही, मी आणि अख्खं सणसर. किंवा हरिलालच, शाळेचा राग शाळेच्या नावानं काढणारा. भावोजी, या शब्दाला सात दारं आहेत. प्रत्येक दारात उभं राहिलो तर इथंच पाच वाजतील."

ग्रामपंचायतीत बिराप्पा गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"मॅडमला मी का मारू? माझी पोरगी नाव लिवती आता." त्यानं मान वर केली. "ऐतवारी वाढं इकाय चार गोठ्यांवर गेलतो. कोयता कुठं राहिला, ठाव न्हाय. रातीच पळून जाणार हुतो. पण पळालो तर सगळे म्हंतील, ह्यानंच केलं."

"कुठले चार गोठे?"

त्यानं गावातल्या तिघांची नावं सांगितली. चौथा गोठा गोदामाचे मालक दिग्विजयदादांचा.

टोळीचा मुकादम युवराज झोपड्यांपाशी भेटला. तगडा गडी, बोलणं तोडून.

"शाळा मला न्हाय पटत, लपवत न्हाय. बारकी पोरं सांभाळायला मोठी पोरं लागत्यात, ती जाऊन बसत्यात शाळंत. पण तसलं भेकड काम मी करत न्हाय. बारा वर्सं सोता कोयता चालवलाय, मग मुकादम झालो."

त्याच्यामागं फुलाबाई नावाची म्हातारी बैलांपुढची वैरण बांधत होती. वाढ्याची दोन टोकं जुळवली, एक पीळ दिला, पीळ अंगठ्यानं आत खोचला, झालं. तोंडानं तिचं बोलणं अखंड चालू होतं.

"बाई, आमच्या बिराप्पाला सोडवा. त्याची बायकू सकाळधरनं पाणी प्याली न्हाय."

"आजी, हे पुन्हा सोडायचं कसं?" मंदाकिनीनं विचारलं.

"टोक वढायचं. ह्ये काय!" एका झटक्यात भारा मोकळा झाला. म्हातारी हसली आणि पुन्हा बांधायला लागली.

दिग्विजयदादांचा बंगला रस्त्याला लागूनच होता. माणूस मोठा अगत्याचा, चहा घेतल्याशिवाय बोलूच देईना. आईच्या वर्षश्राद्धाला भर सभेत त्यांनी गोदाम शाळेला दिलं होतं. तिथं टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला.

"मॅडमना मीच म्हटलं, जीव मोठा की शाळा? माहेरी जा चार महिने. ही परमुलखातली माणसं, कुणाच्या मनात काय, कुणी सांगावं? आणि 'शिक्षा' शब्द कानडीत कसला भयंकर आहे म्हणे!"

"मराठीतही बरा नाही," मंदाकिनी म्हणाली. "नव्या उसाची लागण कधी?"

"उद्या. पाणी आहे तोवर उरकून घेतो."

अंगणात निळं पिंप होतं, शेजारी ओल्या पोत्यांचा ढीग. तिथून जाताना रमाकांतांना सटासट दोन शिंका आल्या. "थंडी बाधली वाटतं," ते म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की ते आणखीच घाबरले.

चार वाजता मंदाकिनीनं सगळ्यांना गोदामात बोलावलं. बिराप्पाला घेऊन हवालदार आले. युवराज दाराला टेकून उभा राहिला, फुलाबाई खाली बसली. दिग्विजयदादा खुर्चीवर. राजलक्ष्मी मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, दाराकडे पाठ करायला त्या तयार नव्हत्या. बाहेर गावातली पन्नास-साठ माणसं जमली होती आणि त्यांचा आवाज हळूहळू चढत होता.

मंदाकिनीनं मधोमध वैरण आणि हिरवं वाढं टाकलं. "प्रत्येकानं एकेक पेंढी बांधायची."

"हा काय पोरखेळ?" युवराज गुरगुरला; पण बसला. पीळ दिला, खोचला. बिराप्पाचाही पीळ बसला आणि खोचला गेला. फुलाबाईनं तर न बघताच बांधली.

"दादा, आता तुम्ही."

दिग्विजयदादा हसत वाकले. पाला गुंडाळला, टोकं एकमेकांतून काढली आणि दातओठ खाऊन गाठ मारली. मग दुसरी गाठ.

मंदाकिनीनं पिशवीतली मोळी काढून तिच्याशेजारी ठेवली. तीही दोन गाठींची.

"बिराप्पाला दिवसाला शेकडो मोळ्या बांधाव्या लागतात," ती शांतपणे म्हणाली. "एवढ्या गाठी मारायला वेळ कुणाला आहे? आणि कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडायच्या आधी त्या सोडणार कोण? म्हणून तोडणारा पीळ देतो आणि खोचतो. हात झोपेतही दुसरं करणार नाही. मॅडमना मात्र दोन मोळ्या कात्रीनं कापाव्या लागल्या. तेव्हाच बिराप्पा सुटला. युवराजही सुटला, बारा वर्षं त्यानं हेच केलंय. हरिलाल गुऱ्हाळावर दिवसभर अशाच मोळ्या सोडतो. दादा, तुम्ही तीस वर्षं ऊस पिकवताय. पण मोळी एकही बांधली नाही."

"गाठ मारली म्हणून गुन्हेगार? अशी गाठ शंभर जण मारतील!"

"मारतील. म्हणून तर कांड्या बघायच्या. प्रत्येकीला बरोबर दोन डोळे. तोडणारा माणूस डोळे मोजत नाही. दोन डोळ्यांची कांडी तोडतो तो लावणारा. ते बेणं असतं. लावण्याआधी ते औषधात बुडवतात. आमच्या भावोजींना त्या वासानं आज दोनदा शिंका आल्या. एकदा माझ्या ऑफिसात ही मोळी हुंगताना आणि एकदा तुमच्या पिंपाजवळ. तुम्हाला नवे तुकडे करायची गरजच नव्हती. पोत्यातून तेवीस मोजले की झालं."

रमाकांतांना आपल्या नाकाचा आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला.

"आणि कोयता?" हवालदारांनी विचारलं.

"रविवारी बिराप्पा चार गोठ्यांवर गेला होता. त्यातला एक यांचा. चारांपैकी उद्या लागण कुणाची आहे, ते गावालाच विचारा."

"आन् त्यो सबूद?" फुलाबाई म्हणाली.

"शब्दात काहीच नव्हतं, आजी. दादांनी तक्ता वाचला. ज्या शब्दापुढं सगळ्यात जास्त परक्या माणसांची नावं, तो उचलला. आपण अर्थ शोधत बसावं, आणि ज्या भाषेवर बोट पडेल त्या माणसाला गावानं उचलावं. गोदाम भर सभेत दिलेलं, परत मागितलं तर अब्रू जाते. मॅडम आपणहून पळाल्या तर जात नाही."

दिग्विजयदादांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"कोल्ड स्टोरेजला जागा हवी होती," ते अखेर म्हणाले. "मी कुणाला हात लावणार नव्हतो. देवाशप्पथ. नुसती भीती घालायची होती."

"नुसती?" राजलक्ष्मी मॅडम भिंतीपासून पुढं आल्या. "तीन दिवस मी मुलं मोजतेय, दादा. दर तासाला. एखादं पाणी प्यायला गेलं, की बावीसच भरायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. याला नुसती म्हणता?"

हवालदारांनी दादांना उठवलं. बाहेरचा आवाज एकदम बसला.

बिराप्पाला कुणी सॉरी म्हटलं नाही. तो हवालदारांच्या हातातल्या कोयत्याकडे बघत होता. "तोड सुरू झाली की लागंल," एवढंच तो म्हणाला.

"माझा घे," युवराज म्हणाला. "तसाबी पडूनच हाय."

त्या रात्री मॅडमनी मंदाकिनीला जाऊ दिलं नाही आणि रमाकांतांनी एकट्यानं परत जायला नकार दिला. सकाळी मॅडमनी कडी काढली आणि तिथल्या तिथं थिजल्या.

उंबऱ्यावर मोळी होती.

रमाकांतांनी दाराआड अंग चोरलं. मंदाकिनी मागून आली, वाकली आणि फक्त बांधणीकडे पाहिलं.

"खोचलेली आहे," ती म्हणाली. "उचला, मॅडम."

मॅडमनी डोळे मिटून टोक ओढलं. पीळ हातात सुटला आणि पायांवर हरभऱ्याचे हिरवेगार डहाळे पसरले, दवानं ओले. झोपड्यांच्या बाजूनं कुणीतरी पटकन मागं सरकलं; युवराजनं दिलेल्या कोयत्याला नवी बांधलेली लाल चिंधी तेवढी दिसली.

मॅडम तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी डहाळ्यांच्या जुड्या करायला घेतल्या. तेवीस.